मज्जातंतूंच्या गाठी आणि औषधांची जोडी

हुबळी-धारवाडकडच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात लहान मुलाच्या अंगावर जन्मापासूनचं काही दिसलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लग्न नात्यातलं आहे का? प्रश्न रास्तच आहे. या भागात मामा-भाचीची लग्नं होत आली आहेत, आणि इथल्या मराठी घरांतही मामाची मुलगी करण्याची पद्धत जुनी आहे. आई आणि बाप या दोघांकडून एकाच दोषाची प्रत आली तरच होणारे आजार अशा लग्नांत जास्त दिसतात. पण हा लेख ज्या आजाराविषयी आहे, त्याच्यासाठी या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी फरक पडत नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला 'एनएफ', हा एकाच सदोष प्रतीनं होतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो. बीजपेशी तयार होताना जनुकात नव्यानं चूक होते. तेव्हा 'तुमच्या माहेरचं आहे', 'भावकीतलं लग्न भोवलं' असं सुनेला ऐकवणाऱ्या घरांनी हे आधी समजून घ्यायला हवं. या आजारात दोष द्यायला माणूस सापडत नाही.

एनएफ-१ हा यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. साधारण तीन हजारांत एक, असं प्रमाण जगभर धरलं जातं आणि ते जात, देश, आहार यांनी फारसं बदलत नाही. 2011च्या जनगणनेत हुबळी-धारवाड महानगराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी आत होती. त्या हिशेबानं या जोडशहरातच तीनशेच्या आसपास माणसं हा आजार घेऊन जगत असावीत. त्यांतल्या कितीतरी जणांना आपल्याला काय आहे त्याचं नाव माहीत नसणार. अंगावर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे सपाट डाग असतात, घरचे त्यांना लासं म्हणून सोडून देतात. काखेत, जांघेत बारीक ठिपके येतात. वयात आल्यावर कातडीवर मऊ गाठी उठू लागतात आणि मग एखादा शेजारी कुष्ठरोगाची शंका काढतो, मुलीचं लग्न अडतं, मुलगा पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागतो. हा आजार संसर्गानं पसरत नाही. भांडी, कपडे, स्पर्श यांतून तो कुणाला होत नाही, हे ठळकपणे सांगायला हवं.

डाग मोजायची रीत सोपी आहे. वयात येण्याआधी पाच मिलिमीटरहून मोठे, वयात आल्यावर पंधरा मिलिमीटरहून मोठे, असे सहा किंवा अधिक डाग असले तर तपासणी करून घ्यावी. नुसते डाग म्हणजे हाच आजार असंही नाही. लेगियस सिंड्रोम नावाच्या दुसऱ्या एका स्थितीत असेच डाग येतात, पण गाठी येत नाहीत. म्हणून डागांच्या जोडीला काखेतले ठिपके, डोळ्याच्या बुबुळावरचे लिश यांच्या नावानं ओळखले जाणारे कण, हाडांतली वाकडी वाढ, दृष्टीच्या मज्जातंतूवरची गाठ, आई-बापांपैकी कुणाला आजार आहे का, या गोष्टी पाहतात. 2021 साली सुधारलेल्या निकषांत जनुक तपासणीलाही जागा मिळाली. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी तपासणी फुकटची आहे : आई-वडिलांना नीट उजेडात, कपडे बाजूला करून पाहणं. वडिलांच्या पाठीवर आठ डाग आहेत हे घरात कुणाला ठाऊकच नसतं. आणि बापाला नुसते डाग, मुलाला मात्र मानेत मोठी गाठ, हे सहज घडतं, कारण जनुकातला दोष तोच असला तरी आजाराची तीव्रता एकाच घरात वेगवेगळी असू शकते.

असं का होतं, हे कळलं की औषधांची सगळी गोष्ट कळायला लागते.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी 1882 मध्ये या गाठी मज्जातंतूंच्या आवरणातून येतात हे दाखवलं. त्यानंतर जनुक सापडायला शंभरहून अधिक वर्षं गेली. 1990 मध्ये सतराव्या गुणसूत्रावरचं हे प्रचंड मोठं जनुक हाती लागलं. त्याच्या सांगण्यावरून पेशीत न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन बनतं. त्याचं मुख्य काम म्हणजे 'रॅस' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला वेळच्या वेळी शांत करणं. पेशीला 'वाढ, दुभंग' असा निरोप पोचवणारं प्रथिन म्हणजे रॅस. निरोप देऊन झाला की ते थांबायला हवं. न्यूरोफायब्रोमिन ते थांबवतं. एनएफ-१ घेऊन जन्मलेल्या माणसाच्या प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, पण दुसरी चांगली प्रत काम भागवते. पुढे आयुष्यात कधीतरी, मज्जातंतूला वेढणाऱ्या 'श्वान' नावाच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली, की त्या पेशीत रॅसला आवरणारं कुणी उरत नाही. तिथून गाठ सुरू होते. ती दुसरी चूक कुठे, कधी, किती ठिकाणी होईल हे आधी सांगता येत नाही. भावा-भावांत फरक पडतो तो यामुळे.

आणखी एक गोष्ट, जी औषधांच्या दृष्टीनं फार महत्त्वाची ठरली. या गाठी निव्वळ बिघडलेल्या पेशींच्या नसतात. त्यांत मास्ट पेशी असतात, तंतू तयार करणाऱ्या पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, आणि या सगळ्या शेजाऱ्यांच्याही जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेलीच असते. ते गाठीला पोसतात. म्हणून एकाच पेशीवर नेम धरलेलं औषध अपुरं पडण्याची शक्यता सुरुवातीपासूनच दिसत होती.

रॅसचा निरोप पुढे कसा जातो, हे या भागातल्या शेतकऱ्याला पटकन समजेल. मलप्रभेचा मुख्य कालवा पुढे फाट्यांत विभागला जातो. एका फाट्याची झडप बंद केली की पाणी नाहीसं होत नाही, दुसऱ्या फाट्याला त्याचा जोर वाढतो. रॅसपासून निघणाऱ्या वाटांपैकी दोन मोठ्या आहेत. एक राफ, मेक आणि अर्क या प्रथिनांमधून पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते. दुसरी पीआय-३ कायनेज आणि एम-टॉर यांच्या बाजूनं जाते आणि पेशीचं पोषण, प्रथिनांची बांधणी आणि आकारमान यांवर हुकूम चालवते. शिवाय पेशीला स्वतःचं भान असतं : पहिल्या वाटेवर निरोप कमी पोचतोय असं दिसलं की ती वरच्या बाजूनं आणखी जोरात निरोप सोडायला लागते. एकाच औषधाची ताकद कालांतरानं थकते ती याच कारणानं. जोडीनं औषधं देण्याचा विचार इथूनच निघाला.

तरी आधी एकट्या औषधाची कामगिरी पाहायला हवी, कारण ती खरोखर मोठी आहे.

एनएफ-१ असलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांना जाळीदार, खोलवर पसरणारी गाठ होते. इंग्रजीतून आलेला शब्द 'प्लेक्सिफॉर्म' डॉक्टर वापरतात. मज्जातंतूच्या एका जागी न राहता ती त्याच्या सगळ्या फांद्यांतून वाढत जाते. चेहऱ्यात, मानेत, पाठीच्या कण्याजवळ, ओटीपोटात. शस्त्रक्रिया करावी तर गाठीबरोबर मज्जातंतूही जातो, रक्तस्राव आवरत नाही, आणि उरलेला भाग पुन्हा वाढतो. लहान वयात ती सर्वांत वेगानं वाढते. कित्येक दशकं या मुलांच्या आई-वडिलांना 'बघत राहू' याखेरीज काही सांगता येत नव्हतं.

सेल्युमेटिनिब हे मेक प्रथिनाला अडवणारं औषध मूळचं या आजारासाठी नव्हतंच. मोठ्या माणसांच्या कर्करोगांवर त्याचे प्रयोग झाले आणि फुप्फुसाच्या कर्करोगात ते अपेशी ठरलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ब्रिगिटे विडेमान यांच्या गटानं ते एनएफ-१च्या मुलांना देऊन पाहिलं. 2016 मध्ये पहिले निष्कर्ष आले : 24 मुलांपैकी 17 जणांत गाठ किमान वीस टक्क्यांनी लहान झाली. पुढच्या, 50 मुलांच्या प्रयोगात जवळजवळ सत्तर टक्के मुलांत तसंच घडलं. वीस टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण श्वासनलिकेवर टेकलेल्या गाठीचा पाचवा भाग कमी होणं, रात्री दुखणं थांबणं, वळत नसलेली मान वळणं, याचं मोल त्या घरालाच कळतं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. फेब्रुवारी 2025 मध्ये मिरडामेटिनिब या दुसऱ्या मेक-रोधक औषधालाही मान्यता मिळाली, मुलांसाठीही आणि मोठ्यांसाठीही. त्याच्या 114 रुग्णांच्या प्रयोगात मुलांपैकी 52 टक्के आणि मोठ्यांपैकी 41 टक्के जणांत गाठ तेवढी आकसली. हेही औषध आधी एका मोठ्या कंपनीनं बाजूला ठेवून दिलं होतं.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. गाठ आकसते, जात नाही. औषध थांबवलं की बहुतेकदा ती पुन्हा वाढू लागते. वर्षानुवर्षं गोळी घ्यायची, आणि तिच्याबरोबर पुरळ, नखांच्या कडांचा दाह, जुलाब, कधी हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी होणं, कधी डोळ्याच्या पडद्याचा त्रास. म्हणून दर काही महिन्यांनी इको आणि डोळ्यांची तपासणी हा उपचाराचा भागच असतो. काही मुलांत तर काहीच फरक पडत नाही.

मग जोडी का नको?

आपल्याकडे जोडऔषधांचं नाव काढलं की क्षयरोग आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध प्रयोगाचे निष्कर्ष 1948 मध्ये आले, त्यात रुग्ण आधी सुधारले आणि मग जंतू औषधाला दाद देईनासे झाले. त्याला दुसरं औषध जोडल्यावर ते थांबलं. पुढे कुष्ठरोगातही तीन औषधांच्या जोडणीनं चित्र पालटलं. हे यश इतकं मोठं होतं की 'दोन औषधं म्हणजे एकापेक्षा बरी' हे आपल्या मनात पक्कं बसलं. पण तिथे शत्रू बाहेरचा होता. जंतूची यंत्रणा वेगळी, आपली वेगळी. तिला चार ठिकाणी मारलं तरी आपल्या पेशी बऱ्याचशा सुरक्षित राहतात. इथे मेक, एम-टॉर, रॅस ही सगळी आपल्याच शरीराची, रोजच्या कामाची प्रथिनं आहेत. आतड्याचं अस्तर, कातडी, हृदयाचे स्नायू त्यांच्यावर चालतात. दोन्ही वाटा पूर्ण बंद केल्या तर गाठीआधी माणूस थकतो. मेक आणि पीआय-३ कायनेज दोन्ही अडवण्याचे जे प्रयोग इतर कर्करोगांत झाले, त्यांत डोस पुरेसा चढवण्याआधीच त्रास असह्य होत गेला. म्हणून या आजारातली जोडी म्हणजे बेरीज समजू नये. कोणत्या गाठीत, कोणत्या वळणावर पेशी निसटते, हे कळल्यावर नेमक्या त्या वळणावर दुसरं औषध उभं करायचं असतं.

एम-टॉरच्या वाटेवरचं औषध म्हणजे सिरोलिमस, जुनं नाव रॅपामायसिन. त्याची कहाणी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1964 मध्ये एक कॅनेडियन मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर गेली आणि तिथली माती घेऊन आली. मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हे द्रव्य वेगळं काढलं. आधी ते बुरशीवरचं औषध म्हणून पाहिलं गेलं. कंपनीची प्रयोगशाळा बंद झाली, काम थांबवण्यात आलं, तेव्हा सेहगल यांनी त्याचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला आणि अमेरिकेत बदली झाल्यावर सोबत नेला. 1999 मध्ये मूत्रपिंड रोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. आज पेशीच्या वाढीचा अभ्यास करणारी जगातली प्रत्येक प्रयोगशाळा त्यांनी जपलेल्या त्या द्रव्याची ऋणी आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुसऱ्या आनुवंशिक आजारात मेंदूत होणाऱ्या गाठींवर त्याचाच भाऊबंद एव्हरोलिमस हा 2010 पासून मान्य उपचार आहे. एनएफ-१च्या जाळीदार गाठींवर मात्र एकट्या सिरोलिमसनं गाठी लहान झाल्या नाहीत. वाढणाऱ्या गाठींची वाढ सरासरी चारएक महिने पुढे ढकलली गेली, एवढंच. मेक-रोधकाच्या जोडीला ते कामाचं ठरेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

हा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे तो एका भयंकर गाठीसाठी. एनएफ-१ असलेल्या माणसांपैकी आठ ते तेरा टक्के जणांत आयुष्यात कधीतरी मज्जातंतूच्या आवरणाचा घातक कर्करोग होतो, बहुतेकदा आधीच्या जाळीदार गाठीतूनच. या वळणावर पेशीनं आणखी जनुकं गमावलेली असतात : आधी पेशीविभाजनाला लगाम घालणारं सीडीकेएन-२ए, मग डीएनएची घडी सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या गटातली काही. तोपर्यंत ती केवळ रॅसच्या तालावर चालत नसते, म्हणून एकट्या मेक-रोधकाचा जोर तिथे चालत नाही. शस्त्रक्रियेनं पूर्ण काढता आली तरच आशा. डॉक्सोरुबिसिन आणि इफॉस्फॅमाइड ही जुन्या केमोथेरपीची जोडी वापरतात, पण एनएफ-१ असलेल्यांत ती इतरांपेक्षा कमी लागू पडते असं दिसलं आहे.

2011 मध्ये बोस्टनच्या कॅरन चिखोव्स्की यांच्या प्रयोगशाळेनं एक देखणी कल्पना मांडली. या पेशी प्रथिनं इतक्या झपाट्यानं बनवतात की त्यांची घडी नीट न बसण्याचा ताण त्यांच्यावर कायम असतो. घडी घालायला मदत करणाऱ्या एचएसपी-९० या प्रथिनाला अडवलं आणि जोडीला रॅपामायसिन दिलं, तर ताण सोसण्याच्या पलीकडे जाईल. उंदरांत गाठी खरोखर आकसल्या. त्यावरून माणसांवर प्रयोग झाला, गॅनेटेस्पिब आणि सिरोलिमस यांचा. वीस रुग्ण. एकाचीही गाठ आकसली नाही. एव्हरोलिमस आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं बेव्हासिझुमॅब या जोडीचा आणखी एक प्रयोग झाला, त्यातही 25 पैकी मोजक्याच रुग्णांत आजार काही काळ थबकला. वर्तमानपत्रांत 'उंदरांमधली गाठ नाहीशी' असा मथळा येतो तेव्हा घरातला एखादा शिकलेला भाचा तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि सगळं घर आशेनं डॉक्टरांकडे धावतं. ती आशा मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. पण या वीस रुग्णांची हकिगतही त्या भाच्यानं पाठवायला हवी. त्यांनी स्वतःच्या शरीरावर हे उत्तर मिळवून दिलं आणि पुढच्यांना ती वाट वाचवली.

त्यापुढच्या वाटा अधिक नेमक्या आहेत. मेक अडवल्यावर पेशी वरच्या बाजूनं जो निरोप वाढवते, तो एसएचपी-२ या प्रथिनातून जातो. म्हणून मेक आणि एसएचपी-२ दोन्ही अडवण्याची जोडी 2020 मध्ये प्रयोगशाळेत परिणामकारक दिसली. लगाम गमावलेल्या पेशींसाठी सीडीके-४/६ रोधकांची जोड पाहिली जात आहे. सेल्युमेटिनिब आणि सिरोलिमस यांची जोडीही याच घातक कर्करोगासाठी रुग्णांवर अभ्यासली गेली. यांतली कुठलीही जोडी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. गाठीचे शेजारी आठवतात ना? कॅबोझँटिनिब हे औषध त्या शेजाऱ्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या निरोपांवर चालतं. सोळा वर्षांवरच्या रुग्णांत ते एकट्यानं 19 पैकी 8 जणांची जाळीदार गाठ आकसवू शकलं. माझ्या दृष्टीनं खरी शक्यता इथे आहे : एक औषध बिघडलेल्या पेशीसाठी आणि दुसरं तिला पोसणाऱ्यांसाठी, दोन्ही कमी मात्रेत.

एनएफ-२ हा वेगळाच आजार. जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर, 1993 मध्ये सापडलेलं. त्यात दोन्ही कानांच्या श्रवण-मज्जातंतूंजवळ गाठी होऊन तरुण वयात ऐकू येणं जातं. 2009 मध्ये बोस्टनमध्ये दहा रुग्णांना बेव्हासिझुमॅब दिलं तेव्हा नऊ जणांच्या गाठी आकसल्या आणि काहींना पुन्हा चांगलं ऐकू येऊ लागलं. या औषधाची जैवसमान रूपं आता भारतात बनतात. बेंगळुरूच्या बायोकॉननं 2017 मध्ये आपलं बाजारात आणलं. मूळ औषधापेक्षा ती स्वस्त पडतात, म्हणून आपल्याकडच्या रुग्णांच्या दृष्टीनं ही वाट दूरची नाही.

आता जी जोडी आज, या घडीला, हुबळीतल्या मुलापर्यंत पोचू शकते तिच्याकडे यावं. एनएफ-१ असलेल्या साधारण पंधरा टक्के मुलांत दृष्टीच्या मज्जातंतूवर सौम्य जातीची गाठ होते, बहुतेकदा सहा-सात वर्षांच्या आत. बऱ्याच जणांना उपचार लागतच नाहीत. नजर कमी होऊ लागली तर मात्र कार्बोप्लाटिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन औषधं जोडीनं देतात. 1997 मध्ये अमेरिकेतल्या रॉजर पॅकर आणि सहकाऱ्यांनी या जोडीचे 78 मुलांमधले निष्कर्ष मांडले, आणि तेव्हापासून ती जगभर पहिली निवड राहिली. दोन्ही औषधं जुनी, भारतात तयार होणारी, मुलांचा कर्करोग पाहणाऱ्या रुग्णालयांत नेहमीच्या वापरातली. किरणोपचार मात्र एनएफ-१ असलेल्या मुलांत शक्यतो टाळतात, कारण पुढे दुसऱ्या गाठी आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका वाढतो. सेल्युमेटिनिब या जुन्या जोडीच्या बरोबरीचं ठरतं का, याचाही मोठा प्रयोग अमेरिकेत हाती घेतला गेला आहे.

व्हिन्क्रिस्टिन येतं सदाफुलीपासून. धारवाडच्या लाल मातीत, अंगणात, रस्त्याच्या कडेला सर्वत्र उगवणारी तीच. म्हणून इथे एक गोष्ट आर्जवानं सांगतो : सदाफुलीची पानं वाटून, काढा करून मुलाला देऊ नका. औषध त्या झाडात अगदी अल्प प्रमाणात, इतर विषारी द्रव्यांसोबत असतं. शुद्ध व्हिन्क्रिस्टिनसुद्धा हातापायांच्या नसा बधिर करतं, बद्धकोष्ठ करतं. त्याचा डोस मुलाच्या आकारमानावरून मिलिग्रॅमच्या अपूर्णांकात मोजतात आणि ते फक्त शिरेतूनच देतात. बुरशीवरच्या काही गोळ्या त्याच्यासोबत दिल्या तर ते शरीरात साचून नसांना इजा होते. सेल्युमेटिनिब आणि सिरोलिमस यांच्याबाबतही बुरशीवरच्या गोळ्या, फिट्सची काही औषधं, पपनसासारखी फळं यांचा विचार करावा लागतो, कारण ही सगळी यकृतातल्या एकाच यंत्रणेच्या कामात ढवळाढवळ करतात. सेल्युमेटिनिबच्या कॅप्सूलमध्ये ई जीवनसत्त्व असतं, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं लागतं. घरात जे जे चालू आहे, काढ्यापासून गोळ्यांपर्यंत, ते सगळं डॉक्टरांसमोर ठेवावं. डॉक्टरांच्या नकळत घरातच तयार झालेली जोडी सर्वांत धोक्याची.

हा आजार कुठल्या एका विभागाचा नाही, आणि हीच त्याची मोठी अडचण आहे. डाग त्वचेच्या डॉक्टरांकडे, दृष्टी नेत्रतज्ज्ञांकडे, वाकलेली नडगी किंवा पाठ हाडांच्या डॉक्टरांकडे, शाळेत मागे पडणं कुणाकडेच नाही. खरं तर निम्म्याच्या आसपास मुलांना शिकण्यात काही ना काही अडचण असते. हुबळी ते धारवाड हा चिगरी बसचा वीसएक किलोमीटरांचा रस्ता धरला तर त्याच रस्त्याच्या आसपास बरंच काही मिळतं : विद्यानगरचं, पूर्वी किम्स म्हटलं जाणारं सरकारी रुग्णालय, नवनगरची कर्करोग संस्था, सत्तूरचं एसडीएम, धारवाडची डिमहान्स. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी लोक राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बेंगळुरूला निमहान्समध्ये जातात, काही जण उलट दिशेनं मिरज किंवा मुंबईच्या टाटाला. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल बनते. म्हणून आई-वडिलांनी एकच जाड वही ठेवावी आणि तीत दर वर्षीची नोंद असावी : उंची, वजन, डोक्याचा घेर, रक्तदाब, नजरेची तपासणी, पाठीचा कणा, नव्या गाठी कुठे. रक्तदाब इथे मुद्दाम लिहिला आहे, कारण या आजारात मूत्रपिंडाच्या धमनीचा किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीचा त्रास लहानपणीही होऊ शकतो आणि मुलाचा रक्तदाब कुणी मोजत नाही. बायकांनी स्तनाची तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू करावी. आणि आधीपासून असलेली गाठ अचानक वेगानं वाढली, कडक झाली, रात्री झोपू देईना इतकी दुखू लागली किंवा हातापायातली ताकद कमी झाली, तर पुढच्या वार्षिक भेटीची वाट न पाहता, त्याच आठवड्यात मोठं रुग्णालय गाठावं. घातक रूपांतराच्या याच खुणा आहेत, आणि तिथे लवकर केलेली शस्त्रक्रिया कुठल्याही जोडऔषधापेक्षा मोलाची आहे.

पैशाचा प्रश्न उरतो. जुन्या केमोथेरपीला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचा आधार मिळू शकतो. नवी मेक-रोधक औषधं वर्षानुवर्षं घ्यायची असल्यानं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातात. केंद्र सरकारच्या 2021च्या दुर्मिळ आजार धोरणात, यादीतल्या आजारांसाठी ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदतीची सोय आहे. बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि मुंबईचं केईएम ही त्यांतली दोन केंद्रं. आपला आजार आणि डॉक्टरांनी सुचवलेलं औषध त्यात बसतं का, हे तिथेच लेखी विचारावं.

आणि कुणी जोडऔषधांच्या प्रयोगात सामील व्हायला सुचवलं तर? भारतातला प्रत्येक औषधप्रयोग 2009 पासून राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती नोंद कुणालाही संकेतस्थळावर वाचता येते. प्रयोगाचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये मागणं हा आपला हक्क आहे. प्रयोगातल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, आणि प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यांची असते. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. हे सगळं सही करण्याआधी, घरातल्या दोन-तीन माणसांसमोर, डॉक्टरांना विचारून घ्यावं.